४.२ रेटिंग बघून आणलेली अनोळखी बिअर पुन्हा पुन्हा का फसते? कारणं आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. बिअर आधी कधी प्यालेली नाही, अ‍ॅपवर ५ पैकी ४.२ दिसतात, खाली कौतुकाचा पाऊस. बाटली उघडल्यावर मात्र दोन घोटांतच नको वाटते. एकदा असं झालं तर सोडून द्यावं. तीन-चार वेळा झालं तर दोष निवडीच्या पद्धतीत आहे, आणि तो शोधून काढता येतो.

शोधताना आधी एवढंच ठरवा की नेमकं काय फसलं. हातात आलेली बाटली खराब होती? बिअर उत्तम होती, पण तो प्रकारच आपल्याला मानवत नाही? की आकडाच फुगलेला होता? या तिन्हींचा इलाज वेगळा आहे. बहुतेक जण थेट आकड्याला दोष देऊन मोकळे होतात. आमचं सांगणं असं की आधी बाटली तपासा. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि तिथला दोष नजरेतून सुटला तर पुढचा सगळा विचार वाया जातो.

आधी बाटली

रिव्ह्यू लिहिणाऱ्याने प्यालेली बिअर आणि तुमच्या हातातली बिअर यांचं नाव एक असतं, वय एक नसतं. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) फळांसारखा सुगंध सगळ्यात आधी उडतो, कडवटपणा त्यामानाने टिकतो आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा वर येतो. म्हणून रिव्ह्यूंमध्ये ‘संत्रं, पॅशनफ्रूट, ताजेपणा’ लिहिलेलं असेल आणि तुम्हाला मधासारखी गोडसर, मंद, थोडी कडू बिअर मिळाली असेल, तर रिव्ह्यू खोटे नव्हते. बाटली जुनी होती. त्यापुढची पायरी म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा जुन्या कागदासारखा वास. हा ऑक्सिडेशनचा परिणाम असतो आणि ट्रान्स-२-नॉनेनल नावाचं संयुग त्याला जबाबदार धरलं जातं.

उष्णता हे सगळं झपाट्याने घडवते. बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ हिशेब आहे: साधारण ३२ अंश सेल्सियसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस ठेवलेल्या बिअरचं नुकसान जवळपास सारखंच होतं. म्हणजे तारीख ताजी असूनही उन्हात किंवा गरम गोदामात पडलेली बाटली म्हातारी झालेली असू शकते. फ्रीजबाहेरच्या रॅकवरच्या बाटलीपेक्षा फ्रीजमधली घ्यावी, ती याचसाठी.

उजेडाचा दोष वेगळा. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) यांच्यावर उजेड पडला की ३-मिथिल-२-ब्यूटीन-१-थायॉल तयार होतं, आणि स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा उग्र वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारशी नाही, कॅन पूर्णपणे वाचवतो. एखाद्या हिरव्या बाटलीतल्या लागरच्या (थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरच्या) रिव्ह्यूंमध्ये निम्मे लोक ‘स्कंकी’ म्हणत असतील आणि निम्मे नाही, तर तीच बिअर कॅनमध्ये मिळते का पाहा. एवढ्याने प्रश्न सुटलेला असू शकतो.

तारीख वाचताना होणारी चूक म्हणजे ‘बेस्ट बिफोर’ पाहून निर्धास्त होणं. ही मुदत पुष्कळदा सहा महिने ते वर्षभराची दिलेली असते. मुदत संपायला दोन महिने उरलेली आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) आठ-दहा महिने जुनी असू शकते, नियमाने चालणारी, पण सुगंध गेलेली. पॅक केल्याची तारीख सापडत असेल तर तीच धरा. कॅनच्या बुडावर, बाटलीच्या मानेवर किंवा लेबलच्या कडेला ती छापलेली असते. हेझी (गढूळ दिसणारी) आयपीए महिना-दीड महिन्याच्या आत, साधी आयपीए आणि पेल एल (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली फिकट बिअर) तीन महिन्यांच्या आत, पिल्सनर आणि फिकट लागर चार-सहा महिन्यांच्या आत घ्यावी. इम्पीरियल स्टाउट (कडक काळी बिअर), बार्लीवाइन (दाट, कडक एल), ग्यूझ (आंबट बेल्जियन बिअर) यांना हा नियम लागू नाही. थंड, अंधाऱ्या जागी त्या वर्षानुवर्षं टिकतात. उलट हेझी आयपीए अगदी चार-पाच दिवसांची असेल तर घशाला खवखव जाणवते. रिव्ह्यूंमध्ये याला ‘हॉप बर्न’ म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत ती बरीच बसते.

नाव एक पण बिअर दुसरी, हाही घोळ वारंवार होतो. गिनेसचंच बघा. ड्राफ्ट सुमारे ४.२ टक्के अल्कोहोलची, नायट्रोजनमुळे मऊ साईसारख्या फेसाची. फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट साडेसात टक्क्यांच्या आसपासची, कार्बन डायऑक्साइडची चरचर असलेली आणि कितीतरी कडक. नायजेरियात बनणाऱ्या फॉरेन एक्स्ट्रामध्ये ज्वारीचा वापर होतो. एकीचे रिव्ह्यू वाचून दुसरी घेतली तर अपेक्षाभंग ठरलेलाच. म्हणून अ‍ॅपवर नाव टाकल्यावर पहिला आलेला निकाल उघडू नका. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का आणि पानावरचा टक्का जुळतो का बघा, बनवण्याचं ठिकाणही बघा. पाव-अर्ध्या टक्क्याचा फरक चालून जातो. दोन टक्क्यांचा फरक असेल तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. दरवर्षी वेगळी येणारी बिअर असेल तर वर्षही जुळवा.

आणि ग्लासात ओतण्याआधीचं शेवटचं: तापमान. दहा-बारा टक्क्यांची स्टाउट ४ अंशांवर प्यालात तर कडवटपणा आणि अल्कोहोल एवढंच लागतं. चॉकलेट, सुकामेवा, कॉफी हे सगळं १०-१४ अंशांच्या दरम्यान उघडतं. फिकट लागर ४-७ अंशांवर, बहुतेक एल ८-१२ अंशांवर. कॅनमधून थेट प्याल्यास नाकापर्यंत वास पोहोचतच नाही, आणि रिव्ह्यूंमधलं निम्मं वर्णन तर वासाचंच असतं. बिअर न आवडल्यास ग्लास पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवून पुन्हा चाखा. चव सुधारली तर दोष तापमानाचा होता.

मग आकडा

बाटली ठीक होती, तरी फसलं. आता आकड्याकडे वळू.

वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे वेगवेगळ्या रीतीने तयार होतात. २०१० साली सुरू झालेल्या अनटॅप्ड या अ‍ॅपवर पाव-पाव गुणाच्या टप्प्यांनी ५ पर्यंत एकच आकडा द्यायचा असतो, एक शब्दही न लिहिता. १९९६ पासूनच्या बिअरअ‍ॅडव्होकेट या संकेतस्थळावर पाच घटक वेगवेगळे मोजतात: दिसणं ६ टक्के, वास २४, चव ४०, तोंडातला पोत १० आणि एकूण मत २०. २०२५ च्या सुरुवातीला बंद झालेल्या रेटबिअर या संकेतस्थळाची पद्धतही घटकांत विभागलेली होती, आणि तिचे जुने आकडे आजही ठिकठिकाणी उद्धृत केलेले सापडतात. म्हणून एका ठिकाणचा ३.८ आणि दुसऱ्या ठिकाणचा ३.८ एकमेकांशी ताडून पाहू नका. एक जागा धरा आणि तिच्यावरच सवय करा.

आकडा फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिअरचा प्रकार. बॅरलमध्ये मुरवलेली इम्पीरियल स्टाउट, हेझी डबल आयपीए, फळं घातलेली सावर (आंबट) बिअर यांचे आकडे वरच असतात; पिल्सनर, हेलेस, बिटर, माइल्ड अशा हलक्या बिअरचे खाली. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्लझेन शहरात १८४२ साली पहिल्यांदा तयार झालेली पिल्सनर उर्केल ही जगभरच्या सोनेरी लागरची मूळ प्रत; तरीही तिचा आकडा ४ च्या खालीच असतो. म्हणून तिला कमअस्सल ठरवणं साफ चूक आहे. महागडी, दुर्मिळ स्टाउट मुद्दाम शोधून पिणारा माणूस आधीच त्या चवीचा भोक्ता असतो. सोनेरी लागर मात्र सगळेच पितात आणि न आवडणारेही गुण देऊन जातात.

दुसरं कारण घोटाचं. बरेच रिव्ह्यू १०० मिलीच्या नमुन्यावर लिहिलेले असतात, तेही महोत्सवात, पाचव्या-सहाव्या ग्लासानंतर. एवढ्याशा घोटात दाट, गोड, कडक बिअर बाजी मारते. तीच पूर्ण बाटलीभर प्यायची म्हटलं की घशाशी येते. हलक्या, कोरड्या बिअरचं उलटं आहे. तिची मजा दुसऱ्या अर्ध्या ग्लासात कळते, आणि तो अर्धा ग्लास नमुन्यात नसतोच. ‘टेस्टर’ किंवा ‘शेअर’ असं लिहिलेले रिव्ह्यू वेगळे काढून वाचा. तुम्ही पूर्ण बाटली पिणार असाल तर पूर्ण बाटली प्यालेल्या माणसाचंच ऐका.

तिसरं, दुर्मिळता. बेल्जियममधल्या सेंट सिक्स्टस मठाची वेस्टव्लेटेरन १२ ही १०.२ टक्क्यांची बिअर २००५ साली रेटबिअरच्या यादीत पहिली आली आणि मठाबाहेर रांगा लागल्या. भिक्षूंनी उत्पादन वाढवायला नकार दिला. बिअर श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. पण त्याच भागातली सेंट बर्नार्डस ब्रुअरी १९४६ ते १९९२ या काळात याच मठाच्या बिअर परवान्याने बनवत होती, आणि तिची १० टक्क्यांची अ‍ॅब्ट १२ त्याच परंपरेतून आलेली आहे. दोन्हींत आज फरक आहे. यीस्टसुद्धा वेगळं आहे. तरी आकड्यांतलं अंतर केवळ ग्लासातल्या द्रवाचं आहे, असं मानणं कठीण. लांबून प्रवास करून, रांग लावून मिळवलेल्या बाटलीला माणूस कमी गुण देत नाही. ब्रुअरीच्याच आवारात बसून दिलेले गुणही असेच चढे असतात, शिवाय तिथे बिअर सर्वांत ताजी असते.

चौथं कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचा अनुभव. ज्युलियन मॅकऑली आणि युरे लेस्कोवेट्स या संशोधकांनी २०१३ साली बिअरसकट अनेक वस्तूंच्या ऑनलाइन रिव्ह्यूंचा अभ्यास केला, तेव्हा अनुभव वाढत जातो तशी लोकांची आवड बदलते, हे दिसून आलं: कडक, हॉप्सने भरलेल्या एल नवख्यांपेक्षा मुरलेल्यांना जास्त भावतात. तुम्ही नवखे असाल तर हजार बिअर प्यालेल्याचा ४.५ तुमच्यासाठी नाही, निदान आज तरी नाही.

रिव्ह्यूंची संख्या विसरू नका. आठ जणांचा ४.३ आणि दोन हजार जणांचा ३.९ यांत कुणावर विसंबायचं? यासाठी एक सोपा हिशेब आहे. प्रत्येक बिअरमध्ये त्या प्रकाराच्या सरासरीचे ५० काल्पनिक रिव्ह्यू मिसळा. समजा प्रकाराची सरासरी ३.७ आहे. पहिल्या बिअरचा हिशेब: (८ × ४.३ + ५० × ३.७) ÷ ५८ = ३.७८. दुसरीचा: (२००० × ३.९ + ५० × ३.७) ÷ २०५० = ३.८९५. म्हणजे दुसरी पुढे. ‘वेटेड’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या क्रमवारीमागे हेच तत्त्व असतं. दुकानात एवढी आकडेमोड नको असेल तर तीसपेक्षा कमी रिव्ह्यू असलेल्या बिअरचा आकडा वाचूच नका. फक्त शब्द वाचा.

सरासरीपेक्षा गुणांची विभागणी जास्त बोलकी असते. जर्मनीतल्या बाम्बर्गची राउखबिअर घ्या: बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची, धुरकट, खारवलेल्या मांसासारखा वास येणारी. तिला काही जण ४.७५ देतात, काही जण २. सरासरी मध्येच कुठेतरी येते, आणि त्या मधल्या आकड्याइतकी ‘ठीकठाक’ ती कुणालाच वाटलेली नसते. पानावर गुणांचा आलेख असेल तर बघा: एकच उंच टेकडी असेल तर आकड्यावर भरवसा ठेवा, दोन टेकड्या असतील तर आकडा बाजूला ठेवा आणि दोन्ही टोकांचे लोक कशाबद्दल बोलताहेत ते वाचा. बहुतेक वेळा ते एकाच चवीबद्दल बोलत असतात.

शब्द वाचायची रीत

पाचपैकी पाच देणारे आणि अर्धा गुण देणारे बाजूला ठेवा. ३ ते ३.७५ दिलेल्यांचे रिव्ह्यू उघडा. काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही तिथेच सापडतं. सर्वांत नवे वीस रिव्ह्यू घ्या आणि एकच शब्द किती जणांकडे येतो ते मोजा. एकालाच ‘धणे’ जाणवले तर तो त्याच्या जिभेचा प्रश्न. सहा जणांना जाणवले तर बिअरमध्ये धणे आहेत. (बेल्जियन विटबिअरमध्ये ते खरोखरच घालतात.) नव्या वीस जणांची सरासरी एकूण सरासरीपेक्षा ०.३ ने खाली असेल तर काहीतरी बदललं आहे: पाककृती, बनवण्याची जागा किंवा एखादी बिघडलेली बॅच.

पुढची अडचण अशी की एकच शब्द एका प्रकारात स्तुती असतो, तर दुसऱ्यात तक्रार. व्हाइसबिअरमध्ये (गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये) केळं आणि लवंग यायलाच हवीत. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनाइलग्वायकॉलचा, दोन्ही त्या यीस्टची देणगी. तीच लवंग पिल्सनरमध्ये आली तर जंगली यीस्ट शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. ग्यूझ आणि लॅम्बिक या जंगली यीस्टवर आंबवलेल्या बेल्जियन बिअरच्या रिव्ह्यूंत ‘गोठा’, ‘घोड्याच्या पाठीवरची घोंगडी’ असे शब्द कौतुकाने येतात. तो ब्रेटानोमायसिस यीस्टचा गुण. तुम्हाला असा वास चालणार नसेल तर ४.५ चा आकडा कितीही खुणावो, ती बाटली परत ठेवा.

खरे दोष मात्र ओळखून ठेवावेत. लोण्यासारखा वास आणि बुळबुळीत पोत म्हणजे डायअ‍ॅसिटिल. काही चेक लागरमध्ये आणि इंग्लिश एलमध्ये तो थोडासा चालतो, इतरत्र नाही. उकडलेला मका म्हणजे डायमिथिल सल्फाइड. कच्चं हिरवं सफरचंद म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, बिअर घाईने बाहेर काढल्याची खूण. सावर नसलेल्या बिअरमध्ये व्हिनेगर म्हणजे संसर्ग. यांपैकी एखादा शब्द पाच-सहा नव्या रिव्ह्यूंत असेल तर ती बॅच टाळा. पण ते सगळे एकाच बारमध्ये, नळावरच्या बिअरबद्दल लिहिलेले असतील तर दोष न धुतलेल्या नळ्यांचा असू शकतो, आणि बाटली निर्धोक असू शकते.

‘कडू’, ‘गोड’, ‘हलकी’ हे शब्द सर्वांत फसवे. कडवटपणा मोजणारा आयबीयू हा आकडा एकटा काही सांगत नाही. पिल्सनर उर्केल ४.४ टक्क्यांची, चाळीसच्या आसपास आयबीयूची, आणि कडवटपणा स्वच्छ जाणवतो. ११ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये ६० आयबीयू असूनही ती गोड लागते, कारण उरलेल्या साखरेखाली कडवटपणा दबतो. रंगावरूनही ठरवू नका: गिनेस ड्राफ्ट काळीभोर, पण हलकी, बेल्जियन ट्रिपेल सोनेरी, पण सहज ८-९ टक्क्यांची. ३३० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, १० टक्केवालीत २६ ग्रॅम. ‘घोट सहज उतरतो’ असं कुणी दुसरीबद्दल लिहिलं असेल तर ते वाचताना हा हिशेब समोर असू द्या.

स्वतःचं माप

वरचं सगळं करूनही फसत असेल तर बाकी राहते तुमची जीभ. तिचं माप एकदाच घ्यावं लागतं. आधी प्यालेल्या, नीट आठवणाऱ्या पंधरा बिअर निवडा, निदान पाच प्रकारांतल्या, आणि त्यांत न आवडलेल्याही असू द्या. अ‍ॅप न उघडता प्रत्येकीला ५ पैकी गुण द्या. आधी सरासरी दिसली तर तुमचा आकडा नकळत तिच्याकडे ओढला जातो. मग सरासरीशी फरक काढा आणि प्रकारवार बघा. समजा आयपीएत तुम्ही सातत्याने ०.४ खाली आहात आणि व्हीट बिअरमध्ये ०.३ वर. तर ४.१ ची अनोळखी आयपीए तुमच्यासाठी ३.७, आणि ३.७ ची व्हाइसबिअर तुमच्यासाठी ४.०. एका प्रकारात निदान तीन बिअर असल्याशिवाय असा फरक धरू नका.

याहून उपयोगी म्हणजे आपल्या जिभेची माणसं शोधणं. तुम्हाला फार आवडलेली, पण सरासरी कमी असलेली एक बिअर घ्या आणि तिला जास्त गुण देणारे दहा जण काढा. मग तुम्हाला न आवडलेली, पण गाजलेली एक बिअर घ्या आणि या दहांपैकी तिला कमी गुण कुणी दिले ते पाहा. दोन्ही चाळण्यांतून तीन-चार नावं उरतात. त्यांना फॉलो करा. त्यांच्यातल्या एकाचा ३.७५ हजार अनोळखी लोकांच्या सरासरीपेक्षा तुम्हाला जास्त सांगतो. सगळ्याच बिअरला ४ किंवा ४.२५ देणारा माणूस मात्र यादीत नको. त्याच्या आकड्यांतून काहीच कळत नाही.

रॅकसमोर उभं असताना

पॅक केल्याची तारीख. मग पान बरोबर आहे ना, अल्कोहोलचा टक्का जुळवून. मग त्याच प्रकाराच्या सरासरीशी तुलना, तुमचा फरक धरून. मग नव्या वीसांतले वारंवार येणारे शब्द. या क्रमात कुठेही अडलं तर पुढे जाऊ नका, दुसरी बाटली उचला. एवढं करूनही अनोळखी बिअरची एकच बाटली किंवा कॅन घ्या, सहाचा पॅक नाही.

रिव्ह्यूच नसलेली बिअर असेल तर लेबल आणि ब्रुअरी यांच्यावरून ठरवावं लागतं. त्याच ब्रुअरीची त्याच प्रकारातली दुसरी बिअर पाहा: तिची स्टाउट उत्तम असल्याने लागर चांगली निघेलच असं नाही, पण एक पिल्सनर स्वच्छ बनवणारी ब्रुअरी दुसरीही सहसा स्वच्छ बनवते. लेबलवरचा टक्का प्रकाराच्या चौकटीत बसतो का तेही बघा. बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’च्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत जर्मन पिल्स ४.४ ते ५.२ टक्के, व्हाइसबिअर ४.३ ते ५.६, अमेरिकन आयपीए ५.५ ते ७.५, इम्पीरियल स्टाउट ८ ते १२ टक्के अशी चौकट दिली आहे. ‘पिल्सनर’ लिहिलेल्या कॅनवर ७ टक्के दिसले तर आत काहीतरी वेगळं आहे. कदाचित चांगलं असेल, पण पिल्सनर म्हणून ती विकत घेऊ नका.